1 किलो काळी दख्खनी लोकर: कातरणीपासून आसनापर्यंतची नोंद

या घाण्याचा हिशेब वजनावर ठेवला आहे, म्हणून पहिले तीन मथळेही उरलेल्या वजनाचेच आहेत. माल एकाच कळपातला, काळ्या दख्खनी मेंढ्यांचा, साधारण 6 महिन्यांच्या वाढीचा. धाग्यांची लांबी 6 ते 8 सेंमी. ठरवलं होतं ते असं: 18 × 24 इंचाचं एक विणलेलं आसन, जेन पद्धतीचा, म्हणजे न विणता दाबून केलेला (फेल्टचा), एक चौकोन आणि सुयांवरचा एक नमुना.

सुरुवातीलाच एक गोष्ट. नेटवरचे कताई आणि फेल्टिंगचे बहुतेक धडे मेरिनो लोकरीवर बेतलेले असतात. मेरिनोचा धागा 20 मायक्रॉनच्या आसपास असतो. दख्खनीचा त्याच्या दुपटीच्या घरात जातो, शिवाय त्यात आतून पोकळ असलेले केस भरपूर. त्या धड्यांतली तापमानं, पीळ, थरांची संख्या, यातलं काहीही जसंच्या तसं इथे चालत नाही. दख्खनीत मऊपणा शोधत बसू नये. एकाच मेंढीच्या अंगावर तीन-चार प्रकारची लोकर असते. ती आधी वेगळी करायची आणि ज्याचं त्याला काम द्यायचं.

1000 ग्राम: निवड

लोकर जुन्या चादरीवर पसरायची आणि कोरडी असतानाच निवडायची. मास्क लावायचा, हातावर कापलं-खरचटलं असेल तर हातमोजे घालायचे. कच्च्या लोकरीतून जनावरांचे काही आजार माणसाला होऊ शकतात, यात हयगय नको.

मान आणि खांद्याची लोकर त्यातल्या त्यात बारीक आणि सारखी. पाठीवरची उन्हाने तांबूस पडलेली, टोकं ठिसूळ. मांड्यांची जाड आणि केसाळ. पोटाची आखूड आणि मळकट. शेपटीकडच्या लेंड्या चिकटलेल्या गुठळ्या सरळ बाजूला काढायच्या; कंपोस्टला त्या उत्तम.

सगळ्यात जास्त त्रास कुसळांचा. कुसळी गवतात चरलेल्या कळपाची लोकर घेतली तर कुसळं धुण्याने जात नाहीत, पिंजताना मात्र तुटून त्यांचे बारीक तुकडे होतात आणि थेट धाग्यात शिरतात. म्हणून ती अख्खी असतानाच हाताने वेचायची. गोखरू सोपं, ते दिसतं तरी.

दुसरी भानगड म्हणजे दुबार कातर. कातर एकाच जागी दोनदा फिरली की 1 ते 2 सेंमीचे तुकडे पडतात. निवडताना लोकर हलकेच झटकली की ते खाली गळतात. राहिले तर धाग्यात गाठीच गाठी. मेंढ्या ओढ्यात धुऊन मग कातरल्या असतील तर मातीचं वजन बरंच कमी भरतं. माल घेतानाच विचारून घ्यावं.

जावळाची, म्हणजे कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर मिळाली तर ती या घाण्यात मिसळू नये. ती वेगळ्या घोंगडीच्या लायकीची असते.

निवडून बाद: 150 ग्राम.

850 ग्राम: धुणं

दख्खनी लोकरीत चरबी कमी, माती आणि घाम जास्त. घामाचे क्षार गार पाण्यातही विरघळतात, म्हणून पहिला मुक्काम गार पाण्यात रात्रभर. अर्ध्या किलोला 10 लिटर पाणी. सकाळी पाणी काळ्या चहासारखं होतं. ते ओतून आणखी एकदा गार पाणी.

मग 50 ते 55 अंशांचं पाणी आणि रिठा. 5 लिटरला 50 ग्राम रिठ्याची टरफलं, आदल्या रात्री भिजवून, उकळून, गाळून. लोकर कांद्याच्या जाळीच्या पिशवीत सैल भरायची, पाण्यात दाबून बुडवायची आणि 20 मिनिटं हात लावायचा नाही. ढवळायचं नाही, चोळायचं नाही, वरून नळाची धार सोडायची नाही. ऊब, साबण आणि घुसळण हे तिन्ही एकत्र आले की फेल्ट सुरू होतं, आणि ते या टप्प्यावर नको. खळबळायचं पाणीही तितकंच कोमट हवं. फरक 10 अंशांच्या आत ठेवावा.

धुण्याचा सोडा वापरू नये. पाणी झटकन स्वच्छ दिसतं खरं, पण तीव्र अल्कलीने लोकरीचं प्रथिन कमजोर होतं आणि पिंजताना धागे मधूनच तुटतात.

वॉशिंग मशीनचं फक्त ड्रायर 2 मिनिटं फिरवलं तर चालतं. वाळवणं सावलीत, खाटेवर किंवा जाळीवर. वजन करायची घाई मात्र नको. लोकर स्वतःच्या वजनाच्या 30 टक्क्यांपर्यंत ओलावा पोटात ठेवूनही हाताला कोरडी लागते. कोकणातल्या पावसाळ्यात आणि सोलापूरच्या मे महिन्यात केलेली वजनं एकमेकांशी ताडून उपयोग नाही. इथली सगळी वजनं लोकर एकाच खोलीत दोन दिवस पडून राहिल्यानंतरची आहेत.

640 ग्राम: विंचरणं आणि पिंजणं

इथे माल दोन वाटांनी जातो. ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, विंचरलेली लोकर; बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्याला, पिंजलेली.

विंचरल्याने लांब धागे समांतर होतात, आखूड धागे आणि केम्प मागे राहतात. केम्प म्हणजे तो जाड, पांढुरका, ठिसूळ केस. काळ्या लोकरीत लगेच ओळखू येतो, वाकवला की मोडतो. तो ताण्यात राहिला तर पीळ त्याला धरत नाही आणि धागा नेमका तिथेच सुटतो. खांद्याच्या आणि पाठीच्या लोकरीतून 200 ग्राम लांब पोखरी (लोकरीचे पुंजके) निवडल्या, टोकं ब्रशने मोकळी केली आणि दोन ओळींच्या लोखंडी कंगव्यावर तीनदा फिरवल्या. हाती 120 ग्राम लांब लोकर आली. कंगव्यात मागे राहिलेला 75 ग्राम आखूड माल, म्हणजे झुला, तोही टाकायचा नाही, तो फेल्टला लागतो.

उरलेली 440 ग्राम हातकार्डावर, म्हणजे तारेचे दात बसवलेल्या फळ्यांच्या जोडीवर. बारीक दातांची कार्डं मेरिनोसाठी ठीक. दख्खनीला जाड आणि विरळ दात बरे, नाहीतर केस अडकून तुटतात. कार्डं नसतील तर कुत्र्याचे केस विंचरायचे दोन मोठे ब्रश चालतात, फक्त वेळ दुप्पट लागतो. कार्डावर एका वेळी 5-6 ग्रामपेक्षा जास्त लोकर घ्यायची नाही. चार-पाच हातांत सारखी झाली की थांबायचं. जास्त पिंजलं की गुठळ्या वाढतात, कमी होत नाहीत. मग गुंडाळून पेळू, म्हणजे कातायला तयार सुरळ्या. 400 ग्राम पेळू मिळाले, 40 ग्राम धूळ आणि तुकडे खाली.

कताई

सूतकताईची टकळी इथे फार हलकी पडते. जाड लोकरीचा पीळ ती पेलत नाही, फिरता फिरता उलटी वळते. 35 ते 40 ग्रामची टकळी लागते: 30 सेंमीची लाकडी दांडी, 7 सेंमीची चकती, वर पितळी आकडा. पेटी चरखा तर या कामाला चुकीचाच. तो आखूड, बारीक कापसासाठी केलेला. चाती (धागा पिळणारी सळई) इतकी वेगाने फिरते की लोकरीचा जाड धागा ओढून होण्याआधीच त्यात ताठ पीळ भरतो.

एकेरी धागा, उजवीकडे फिरवलेला. जाडी अशी की पट्टीवर एकमेकांना लागून गुंडाळला तर 1 इंचात 10 वेढे बसावेत. त्या जाडीला 100 ग्राममध्ये साधारण 150 मीटर निघतात. ताण्याला इंचाला अडीच पीळ, बाण्याला दीड ते दोन. पीळ मोजायची सोपी रीत: धाग्यावर पेनाने 1 इंच खूण करायची, एक टोक धरून दुसरं उलटं फिरवत सोडायचं आणि आतले तंतू समांतर होईपर्यंतचे फेरे मोजायचे.

काय बिघडतं ते ओळखायला धागा हातात धरावा. ओढल्यावर आतले तंतू एकमेकांवरून घसरून तो तुटला तर पीळ कमी. टणकन तुटला आणि टोकं आखूड असतील तर लोकरच ठिसूळ, बहुतेक उन्हाने तांबूस झालेली टोकं. कुरळ्या वळ्या पडत असतील तर पीळ जास्त. जोड देताना दोन्ही टोकं पंज्याएवढी पसरून एकमेकांवर ठेवायची. दख्खनीत तंतूंवरचे खवले एकमेकांना कमी धरतात, म्हणून बोटभर जोड पुरत नाही.

कातलेल्या लडी कोमट पाण्यात 20 मिनिटं भिजवायच्या. ताण्याच्या लडीला खाली अर्ध्या किलोचं वजन बांधून वाळवायचं, बाण्याच्या लडीला काही बांधायचं नाही. त्यातली लवचीकता पुढे मळताना, म्हणजे विणलेलं कापड साबणाच्या पाण्यात तुडवून आकसवताना, कामी येते.

हिशेब आणि खळ

आसन 18 × 24 इंच तयार हवं. मळल्यावर 15 टक्के आकसणार, म्हणून मागावर 21 × 28 इंच. ताण्याची लांबी: 28 इंच, त्यावर विणीत खाल्ले जाणारे 3, दोन्ही टोकांच्या दशांचे 8, मागाला बांधण्यात वाया जाणारे 12. मिळून 51 इंच, म्हणजे 1.3 मीटर. इंचाला 5 धागे म्हणून 105 धागे. 105 गुणिले 1.3 म्हणजे 137 मीटर. मोडतोड धरून 150. बाण्याला इंचाला 5 फेरे, एकूण 140, प्रत्येकी 59 सेंमी. तुटीसह 91 मीटर. ताण्याला 100 ग्राम, बाण्याला 60.

एकेरी लोकरीचा ताणा खळीशिवाय मागावर चढवू नये. घोंगडी विणणारे चिंचोक्याची खळ देतात ती उगाच नाही: केसाळ धागा तिने बसतो, फणीत (मागाच्या कंगव्यात) घासून फुटत नाही. 100 ग्राम चिंचोके भाजून टरफल काढायचं, रात्रभर भिजवायचे, बारीक वाटायचे आणि 1 लिटर पाण्यात ढवळत शिजवायचे. पातळ पेजेएवढं झालं की फडक्यातून गाळायचं. ताणा ताणून बांधायचा आणि ताठ कुंच्याने एकाच दिशेने खळ ओढायची, मधेमधे धागे बोटांनी सुटे करायचे. दाट झाली तर वाळल्यावर पापुद्रे सुटतात आणि शेजारचे धागे चिकटतात. फार पातळ झाली तर केस उभेच राहतात. वाळणं ताणलेल्या अवस्थेतच. पावसाळ्यात खळ एका रात्रीत आंबते, बुरशी धरते. लागेल तेवढीच करावी.

विणणं

60 सेंमी रुंदीचा टेबलावरचा माग, इंचाला 5 घरांची फणी. काठाचे शेवटचे दोन-दोन धागे दुहेरी घेतले. फणी उचलली तरी केस एकमेकांना धरून ठेवतात आणि दार, म्हणजे धोटा जायची फट, पूर्ण उघडत नाही, म्हणून प्रत्येक फेऱ्याआधी तळहात ताण्यावरून फिरवावा लागतो. हे टाळता येत नाही. धोटा टाकताना बाणा सरळ न ठेवता तिरका, साधारण 30 अंशांवर, मग ठोका. सरळ टाकला की काठ आत ओढला जातो: सुरुवातीला 21 इंच असलेलं कापड बघता बघता 19 वर येतं आणि कडेचे धागे तुटायला लागतात. दर 2 इंचांनी पट्टी लावावी.

ठोका हलका. मागावर वीण विरळ, जाळीदार दिसते आणि जोरात ठोकायचा मोह होतो. ठोकलं तर मळताना आकसायला जागाच उरत नाही आणि आसन फळीसारखं ताठ होतं.

उतरवल्यावर दशांना गाठी मारून, 40 अंशांच्या पाण्यात साबण घालून, टबमध्ये पायाने 10-12 मिनिटं मळलं. खळ इथेच निघते. पाणी बुळबुळीत लागेनासं होईपर्यंत बदलायचं. तयार माप 17.8 × 23.5 इंच.

फेल्टचा चौकोन

30 सेंमीच्या चौकोनासाठी मांडणी 43 सेंमीची. चार थर, प्रत्येकी 25 ग्राम, एक आडवा एक उभा. मधले दोन थर विंचरून उरलेल्या झुल्याचे, वरचा आणि खालचा पेळूच्या लोकरीचा. 50 ते 55 अंशांचं पाणी, लिटरला 20 ग्राम किसलेला कपड्यांचा वडी साबण. इथे अल्कली उपयोगी पडते, तिने खवले उघडतात. रिठ्याने काम फार सावकाश होतं.

आधी जाळीवरून नुसतं दाबणं. वरचा थर चिमटीत उचलला तर खालचेही सोबत उचलले गेले पाहिजेत. तोवर गुंडाळायचं नाही. मग बांबूच्या चटईत, चारही बाजूंनी, दर बाजूला 150 ते 200 लाटा. ज्या दिशेने लाटू त्या दिशेने आकसतं, म्हणून एक बाजू चुकवली की चौकोनाचा आयत झालाच. मेरिनोच्या मानाने दुप्पट वेळ धरावा. केम्प फेल्ट होत नाही. तो पृष्ठभागावर टोचत येतो, वाळल्यावर ब्रशने बराच झडतो. शेवटी 5 लिटर पाण्यात 1 मोठा चमचा व्हिनेगर, साबणाचा अंश मारायला. माप 31 × 30 सेंमी, जाडी 5-6 मिमी.

सुईने फेल्ट करायचं असेल तर 36 नंबरची सुई. 40 नंबरची या लोकरीत मोडते.

सुयांवर

80 ग्राम पेळूचा दुहेरी धागा, डावीकडे पिळलेला, 5 मिमी सुया, 20 टाके. एकेरी धाग्याने सुलट-उलट विणलं तर कापड तिरकं होतं, कारण पिळाला तोलणारं दुसरं काही नसतं. दुहेरीत ते थांबलं. अंगावर घालायच्या कशासाठीही नको: 30 मायक्रॉनच्या पुढचा धागा त्वचेला टोचतोच. पिशवीचा तळ, सपाता, गरम भांड्याखालचा गोल यांना मात्र ही वीण झकास.

शिल्लक

पेळू 210 ग्राम, झुला 25 ग्राम, विंचरलेली लोकर 20 ग्राम. दख्खनी लोकरीला गिऱ्हाईक नाही म्हणून कातरणीचा खर्चही निघत नाही, आणि जत भागातल्या माडग्याळसारख्या मेंढ्यांकडे, ज्यांच्या अंगावर कातरण्याजोगी लोकर जवळजवळ नसतेच, मेंढपाळांचा कल वाढतो आहे. चांगल्या काळ्या लोकरीचा कळप माहीत असेल तर कातरणीच्या आधीच सांगून ठेवावं.

पेळू हवाबंद डब्यात ठेवण्याआधी प्लास्टिक पिशवीत घालून फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवले आहेत, कसरीसाठी. पुढचा घाणा याच पेळूंत पांढरी लोकर 1 ला 3 प्रमाणात मिसळून करड्या बाण्याचा.