आबांचा बी-२७५

आज दिवसभर गोठ्यामागे आबांच्या जुन्या बी-२७५ ट्रॅक्टरवर काम. महिंद्राने १९६३ साली इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर कंपनी काढली, त्या घराण्यातलं हे मॉडेल. बॅटरी चार्ज करणारा जुना डायनामो काढून त्याजागी ऑल्टरनेटर बसवला. डायनामो कमी आरपीएमला, म्हणजे इंजिन हळू फिरताना, चार्जिंगच करत नाही, आणि चिखलणी चालते सगळी सावकाश. संध्याकाळी दिवे लावले की बॅटरी बसायची.

कुणी हा बदल करणार असाल तर आधी अर्थिंग बघा. ब्रिटिश वळणाच्या जुन्या वायरिंगमध्ये बऱ्याचदा बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असतो. तसंच ठेवून नेहमीचा ऑल्टरनेटर लावला तर त्याच्या आतले डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) जळतात. आमच्या मिस्त्रींनी पट्टा सरळ रेषेत यावा म्हणून ब्रॅकेट नवीन कापलं, त्यात दुपार गेली. पण काम देखणं झालंय!

एअर क्लीनरच्या वाटीत तेलाखाली जांभ्याच्या धुळीचा लाल गाळ होता. तो धुऊन नवीन तेल भरलं. देवगडच्या खाऱ्या वाऱ्याने वायरींची टोकं हिरवी पडतात, तीही घासून ग्रीस लावलं.

दिवे लावल्यावर आबा म्हणाले, "आता उजेड बरो पडता." पावसाआधी चिखलणीच्या केज व्हीलचं (लोखंडी पिंजऱ्यासारख्या चाकाचं) वेल्डिंग तेवढं राहिलंय.