एरंडेलात अडकलेले इंजिन

बेडफर्डशायरमधील ओल्ड वॉर्डनच्या धावपट्टीवर शटलवर्थ या जुन्या विमानांच्या संग्रहाचे सॉपविथ पप हे पहिल्या महायुद्धातील लढाऊ विमान उतरताना मी पहिल्यांदा ऐकले, तेव्हा इंजिन बिघडले असावे असेच मला वाटले. आवाज मध्येच तुटत होता आणि पुन्हा उसळत होता. शेजारी उभ्या असलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी सांगितले, की हे ८० अश्वशक्तीचे ल रोन इंजिन असून वैमानिक बटण दाबून ठिणगीच तोडतो आणि उतरताना वेग आटोक्यात ठेवतो. त्याहून विलक्षण म्हणजे यात क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मधला मुख्य दांडा, विमानाला पक्का जखडलेला असतो आणि नऊ सिलिंडरांसह सारे इंजिन पंख्याबरोबर गरगर फिरते. पुण्याच्या टूलरूममध्ये उमेदवारी केलेल्या माणसाला त्यानंतर स्वस्थ बसवेना.

खरेदीत फारसे सांगण्याजोगे काही नाही. दोन वर्षे पैसे साठवले आणि ‘मूळ व संपूर्ण’ असे वर्णन केलेले त्याच जातीचे एक ल रोन ९सी इंजिन घरी आणले. ते पेनसिल्व्हेनियातील युनियन स्विच अँड सिग्नल या, एरवी रेल्वेचे सिग्नल बनवणाऱ्या, कंपनीत तयार झालेले होते. अमेरिकेच्या थॉमस-मोर्स या सरावाच्या विमानांत हीच जात बसवली जाई. सिलिंडरांसमोरून जाणाऱ्या तांब्याच्या नळ्या चकाकत होत्या आणि त्या चकाकीनेच मला भुलवले. घरी आल्यावर भिंग घेऊन सिलिंडरांवर कोरलेले आकडे वाचले, तेव्हा नवांपैकी दोन सिलिंडर दुसऱ्याच इंजिनाचे निघाले. विक्रेत्याला कळवले, तर शंभर वर्षांच्या वस्तूत असे चालायचेच, असे उत्तर मिळाले. आधी आकडे वाचावेत आणि मग नळ्या पाहाव्यात, हे मला ठाऊक असायला हवे होते.

खरी परीक्षा पुढे होती, कारण इंजिन तसूभरही फिरत नव्हते. या इंजिनात पेट्रोल आणि हवेचे मिश्रण पोकळ क्रँकशाफ्टमधून क्रँककेसमध्ये, म्हणजे त्याभोवतीच्या पेटीत, येते आणि तेथून नळ्यांवाटे सिलिंडरांत जाते. त्यामुळे पेट्रोलमध्ये सहज न विरघळणारे एरंडेल हेच वंगण म्हणून वापरावे लागे आणि ते एकदा वापरले की बाहेर फेकले जाई. तेच एरंडेल वर्षानुवर्षे आत साचून रोगणासारखे कडक झाले होते. मी आधी पेट्रोल आणि मग रॉकेल ओतून पाहिले, पण काडीचाही फरक पडला नाही. लहानपणी आजी दर महिन्याला एरंडेल पाजत असे, त्यामुळे या द्रव्याशी माझे वैर तसे जुनेच. शेवटी लक्षात आले, की पेट्रोलला दाद न देणारे हे तेल अल्कोहोलमध्ये मात्र विरघळते.

प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे थोडे स्पिरिट सोडले, आणि स्पिरिटजवळ आग नको म्हणून बाहेरून गरम पाण्याच्या रबरी पिशव्या गुंडाळल्या. पत्नीने हा रुग्ण कधी बरा होणार, असे विचारले. पोलादी सिलिंडरांत बिडाचे पातळ अस्तर असते, म्हणून लांब दांडा लावून जोर करायचा नाही, एवढा नियम मी कटाक्षाने पाळला. रोज संध्याकाळी पंख्याच्या बॉसला, म्हणजे मधल्या तुंब्याला, हात लावून पाहायचे आणि परत यायचे, असे एकोणीस दिवस चालले.

अशा इंजिनासाठी लोक इतके पैसे का मोजतात, याचे उत्तर त्या रिकाम्या संध्याकाळी मला मिळाले, असे वाटते. १९०९ च्या सुमारास नोम या फ्रेंच कंपनीने विमानांत रूढ केलेला हा फिरत्या इंजिनाचा प्रकार पहिले महायुद्ध संपताच मागे पडला, कारण फिरणाऱ्या वजनाला हवेचा अडथळा फार होई, तेलही बेसुमार लागे आणि अधिक ताकद काढणे अवघड झाले होते. त्याची पुढची आवृत्ती झालीच नाही. प्लगला जाणाऱ्या पितळेच्या उघड्या तारा किंवा एकच दांडा ढकलून आणि ओढून दोन्ही व्हॉल्व्ह चालवण्याची युक्ती पाहताना, पुढे टाकून दिलेल्या एका कल्पनेवर केवढी मेहनत घेतली गेली होती, हे हाताला कळते.

विसाव्या दिवशी बॉस बोटभर सरकला. तांबूस, दाट तेलाची धार खालच्या परातीत पडली आणि आजीच्या कपाटाचा वास गॅरेजभर पसरला. दोन दिवसांनी पूर्ण फेरा झाला. हाताने फिरवताना सर्वांत चांगला दाब त्या दोन परक्या सिलिंडरांतच लागतो, म्हणून ते बदलण्याचा विचार मी तूर्त सोडला आहे. सातव्याचा व्हॉल्व्ह मात्र अजून चिकटलेलाच आहे.