आधी मशीन, मग क्लेम

२६ जुलै २००५ नंतरच्या आठवड्यात कुर्ला पश्चिमेच्या गाळ्यांमध्ये जिथं जाईन तिथं एकच वाक्य कानावर यायचं : ‘सर्व्हेअर येईपर्यंत कशाला हात लावायचा नाही, असं सांगितलंय.’ मी विमा सर्व्हेअर, म्हणजे नुकसान पाहून भरपाई किती ते ठरवून विमा कंपनीला अहवाल देणारा. ते वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा यायचा.

कारण आत शिरलेलं पाणी नुसतं पावसाचं नव्हतं. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, त्यात समुद्राला भरती. मिठी नदीचं पाणी पुढे सरकेना, ते गटारांची घाण, गॅरेजांचं ऑइल, भंगाराच्या गोदामांतला कचरा घेऊन वस्तीत पसरलं. पाणी ओसरतं, गाळ मात्र लोखंडाला चिकटून राहतो, आणि तो बेअरिंगमध्ये गेला की बघता बघता गंज धरतो. आज धुतलं तर दुरुस्तीवर भागणारं मशीन आठवड्याने भंगारात जातं. तेव्हा वीस हजारांच्या वरच्या नुकसानीला परवानाधारक सर्व्हेअरची पाहणी कायद्यानेच लागायची. बुडालेले गाळे अगणित आणि आम्ही मूठभर.

काळे मार्गाच्या आतल्या गल्लीत एक छोटा छापखाना होता. एक मिनी ऑफसेट आणि एक जुनी ट्रेडल, ही दोन छपाईची मशीनं, कटिंग मशीन आणि भिंतीलगत कागदाचे रॅक. भिंतीवरच्या चिखलाच्या रेषेला टेप लावली, तर जमिनीपासून साडेचार फूट भरली. मालक दाराशी स्टुलावर बसून होते. मशीन जसंच्या तसं, चिखलासकट.

‘साहेब, तुम्ही बघितलंत ना? आता तरी पुसू का?’

‘काका, पुसायचं कसलं, धुवायचं. मी फोटो काढतो, नंबर प्लेट टिपून घेतो, आणि लगेच पाणी मारा.’

त्यांचा विश्वास बसेना. पॉलिसीतच लिहिलेलं असतं की नुकसान वाढू नये म्हणून विमाधारकाने शक्य ते सगळं करायचं, पण हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. पॉलिसी कर्ज देणाऱ्या बँकेने काढलेली, कागद बँकेत, काकांनी ती कधी पाहिलेलीही नव्हती. कर्जदाराच्या हातात पॉलिसीची प्रत न देणं हा अन्याय आहे, असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं.

त्यांचा जुना मेकॅनिक संध्याकाळी आला. रबरी रोलर आधी काढून बाजूला ठेवले, कारण डिझेलने रबर फुगतं. मग स्वच्छ पाणी, त्यावर डिझेल, त्यावर ऑइल. मोटर खोलून वाइंडिंगवाल्याकडे पाठवली. तिथं अख्ख्या कुर्ल्याच्या मोटरी रांगेत होत्या.

मशीनचं निभावलं, खरा घोळ कागदाचा होता. रिमं, म्हणजे कागदाचे बांधीव गठ्ठे, पाणी पिऊन इतकी फुगली की रॅकचे अँगल वाकले आणि पाण्याच्या वर असलेली कोरडी रिमंही कोसळून चिखलात पडली. त्या लगद्यात किती रिमं होती हे मोजायचं कसं? चलनं, बिलबुकं, रजिस्टर, सगळं त्याच लगद्यात. काकूंना सुचलं. प्रत्येक रिमाच्या वेष्टनावर मिलचं लेबल असतं : साइज, जीएसएम (दर चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन), रिमाचं वजन. त्या चिखलात बसून एकेक लेबल सोडवत होत्या, धुऊन वर्तमानपत्रावर पसरत होत्या आणि वरून हलक्या हाताने इस्त्री फिरवत होत्या. साइजप्रमाणे गठ्ठे लावून त्यांनी माझ्यासमोर ठेवले. इतका चोख पुरावा मला मोठमोठ्या गोदामांतही क्वचितच मिळालाय.

लेबलांना जोड हवी होती. १ एप्रिलला राज्यात व्हॅट लागू झाला होता, आणि जुन्या साठ्यावर आधी भरलेल्या कराची वजावट मिळावी म्हणून व्यापाऱ्यांनी तेव्हाच्या शिलकी मालाच्या याद्या केल्या होत्या. काकांची यादी त्यांच्या कर सल्लागाराकडे, दुसऱ्या मजल्यावर, कोरडी ठणठणीत निघाली. त्यानंतरच्या खरेदीची बिलं कागदाच्या व्यापाऱ्याकडे होती. त्याचं दुकान दक्षिण मुंबईत. तिकडे त्या दिवशी कुलाब्याला शंभर मिलिमीटरही पाऊस नव्हता.

हिशोब लागला तसा पॉलिसीतला खड्डा दिसला. माल तीन लाखांचा, विमा दोन लाखांचा. म्हणजे ॲव्हरेज लागणार : विमा जितका कमी, त्या प्रमाणात भरपाईही कमी. नुकसानीच्या दोन तृतीयांशच मिळणार. शिवाय एका प्रकाशकाने छपाईसाठी दिलेला आर्ट पेपर दुसऱ्याच्या मालकीचा, आणि तसा माल पॉलिसीत वेगळा लिहावा लागतो. तो लिहिलेला नव्हता. काका म्हणाले, ‘साहेब, म्हणजे तो मी भरून द्यायचा?’ मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार?

शेजारच्या गाळ्यात एक तरुण चार शिलाई मशीनवर काम करायचा. त्याने आपली पॉलिसी मोठ्या आशेने पुढे केली. तेव्हा फायर पॉलिसीतून वादळ-पुराचं संरक्षण वगळलं तर हप्त्यात थोडी सूट मिळायची. त्याच्या पॉलिसीत ते वगळलेलं होतं. मी दोनदा वाचलं. तो हळूच म्हणाला, ‘आग लागली असती तर मिळाले असते ना?’ त्याच्यासाठी मी बँकेच्या मॅनेजरांना भेटलो. कर्जाच्या हप्त्यांना मुदतवाढ मिळाली, पण विम्यातून एक रुपयाही नाही.

काकांसाठी मी ऑन अकाउंट रकमेची, म्हणजे दाव्यापोटी काही पैसे आधीच देण्याची शिफारस केली. पूर्ण दावा मंजूर होईपर्यंत थांबले असते तर हंगाम गेला असता. त्या वर्षी गणपती ७ सप्टेंबरला होते आणि छापखान्याचं वर्षाचं गणित मंडळांची पावतीपुस्तकं आणि अहवाल यांच्यावर चालायचं. ऑफसेट ऑगस्टच्या मध्याला फिरली. ट्रेडलवर नंबरिंग सुरू झालं. अंतिम रक्कम दिवाळीनंतर आली, ॲव्हरेज कापूनच.

पुढच्या नूतनीकरणाला काका मालाची यादी घेऊन बँकेत गेले, शेजारच्या तरुणालाही सोबत नेलं. रक्कम वाढवून घेतली, ‘दुसऱ्यांचा माल’ हा शब्द घालून घेतला, आणि काउंटरवरच्या मुलाकडून पॉलिसीची सगळी पानं मोठ्याने वाचून घेतली. मागे रांग खोळंबली होती. काका म्हणाले, ‘थांबा जरा, तुम्हीही ऐका.’