प्रकाशनापूर्वीच्या गप्पा

आज संध्याकाळी पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातील एका पुस्तकाच्या दुकानात, माझ्या आगामी कादंबरीच्या निमित्ताने वाचकांशी मनमोकळ्या गप्पा झाल्या. 12 जुलै 1961 रोजी पानशेत धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही फुटले आणि नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरले, ही पार्श्वभूमी बहुतेकांना ठाऊक असल्यामुळे प्रश्न कथानकापेक्षा तपशिलांविषयीच अधिक आले. नारायण पेठेत बालपण गेलेल्या एका आजोबांनी, पूर ओसरल्यावर घरातला चिखल घमेल्यांनी उपसताना तांदळाच्या डब्याचे झाकण आतल्या फुगलेल्या तांदळामुळे कसे वर आले होते, हे इतक्या बारकाईने सांगितले की, मुद्रितशोधन संपत आलेले असतानाही तो प्रसंग त्यांच्या अनुमतीने पुस्तकात घ्यावा, असे मी तिथेच ठरवले. (प्रकाशकांनी हे वाचले असेल, तर कृपया रागावू नये.)

“पूरग्रस्तांच्या निसेन हटमधल्या संसारांबद्दल लिहिलंय का?” असे एका ताईंनी विचारले. होय, कादंबरीचा उत्तरार्ध त्या अर्धगोल छपरांच्या तात्पुरत्या घरांमध्येच घडतो. शेवट सांगण्याचा आग्रह मात्र मी मानला नाही. प्रकाशनपूर्व सवलतीची चौकशी अर्थातच सर्वांत आधी झाली होती. सवलत मिळेल, आणि मुखपृष्ठ इथे दाखवल्यानंतर नोंदणी सुरू होईल.