"तुझा क्रूस आहे तो, वाहा" असं कुणाला सांगू नका प्लीज

बऱ्याच वर्षांपूर्वी मिस्सा (चर्चमधली उपासना) झाल्यावर चर्चबाहेर उभ्या असताना, माझ्याच बाकावर बसणाऱ्या एका बाईंनी हळूच सांगितलं की काल रात्री नवऱ्याने परत मारलं, आणि मी काय म्हटलं तर रोझरी म्हणा, देव बघतोय, होईल सगळं नीट. त्या बरं म्हणाल्या आणि गेल्या. नंतर भेटल्या की हसायच्या, पण त्या विषयावर माझ्याशी पुन्हा एक शब्दही बोलल्या नाहीत. केवढं धाडस करून त्यांनी तोंड उघडलं असेल, आणि मी ते एका वाक्यात बंद केलं. हे मला अजून टोचतं, म्हणून लिहितेय.

आपल्या कॅथलिक लोकांतल्या कितीतरी बायकांना मनापासून वाटतं की घर सोडलं तर पाप लागेल, कारण लग्न हा संस्कार आहे आणि देवाने जोडलेलं माणसाने तोडू नये. पण चर्चचा स्वतःचा कायदा काय म्हणतो हे त्यांना कुणी सांगतच नाही. 1983 च्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे चर्चच्या कायद्यात, 1153 नंबरचा कॅनन (कलम) आहे. नवऱ्यामुळे किंवा बायकोमुळे जोडीदाराच्या किंवा मुलांच्या शरीराला, मनाला गंभीर धोका असेल तर वेगळं राहायला ते रास्त कारण आहे, त्यासाठी बिशपांकडून परवानगी घ्यायची, पण थांबण्यातच धोका असेल तर स्वतःच्या निर्णयाने निघता येतं. म्हणजे रात्री मुलांना घेऊन बाहेर पडलेली बाई चर्चचा कायदा मोडत नाहीये! कॅटेकिझममध्ये, म्हणजे चर्चच्या अधिकृत शिकवणीच्या पुस्तकात (परिच्छेद 2383), तर असंही आहे की स्वतःचे हक्क आणि मुलांचा सांभाळ यासाठी दुसरा मार्गच नसेल तर कोर्टाचा घटस्फोटही चालू शकतो, त्यात पाप नाही, चर्चच्या नजरेत लग्नाचं बंधन तसंच राहतं एवढंच. आणि पोप फ्रान्सिसनी कुटुंबाविषयीच्या 2016 च्या आमोरिस लेतित्सिया या पत्रकात लिहिलंय की कधीकधी वेगळं होणं नैतिकदृष्ट्या गरजेचंच असतं.

हो, त्याच कॅननमध्ये हेही आहे की कारण संपलं की पुन्हा एकत्र यावं, आणि याच गोष्टीवर बोट ठेवून बाईला परत पाठवतात. पण कारण संपलं हे ठरवायचं कशावरून? दोन आठवडे सॉरी म्हटलं, डोळ्यात पाणी आणलं, रविवारी पहिल्या बाकावर येऊन बसला, म्हणजे संपलं का? पापनिवेदनातसुद्धा नुसतं सॉरी चालत नाही, खरा पश्चात्ताप लागतो, परत न करण्याचा निश्चय लागतो, मग तिला घरी पाठवताना आपण एवढी घाई का करतो? माफ करणं वेगळं आणि त्याच्याबरोबर एका छताखाली झोपणं वेगळं.

पापनिवेदनावरून आठवलं. "मी नवऱ्यावर चिडते, उलट बोलते" असं सांगणाऱ्या बाईला फादरांनी प्रेमाने एवढं विचारलं की घरी तुला भीती वाटते का, तरी खूप झालं. पण तिथलं काही त्यांना बाहेर बोलता येत नाही, त्यावरून पाऊल उचलता येत नाही, म्हणून तिथेच सांगावं लागतं की बाहेर भेट, आपण बोलू.

आणि प्रवचन! "स्त्रियांनो, पतीच्या अधीन असा" हे बायबलमधल्या इफिसकरांस पत्रातलं वाचन दर तीन वर्षांनी ऑगस्टमध्ये एका रविवारी येतं. बाकावर बसलेला मारणारा नवरा तेवढंच वाक्य घरी घेऊन जातो. त्याच्या आधीच्या वाक्यात एकमेकांच्या अधीन असा म्हटलंय, आणि पुढे पतींना सांगितलंय की ख्रिस्ताने स्वतःला अर्पण केलं तसं पत्नीवर प्रेम करा. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1988 मध्येच स्पष्ट लिहिलं होतं की ही अधीनता दोघांची आहे. तेवढं त्या दिवशी अल्तारावरून (वेदीवरून) मोठ्याने सांगितलं तर कुठल्यातरी घरात फरक पडेल असं मला वाटतं. संत रीटाच्या गोष्टीचाही असाच अर्धवट वापर होतो, तिच्या सहनशीलतेने नवरा सुधारला असं सांगतात, पण एका संताच्या आयुष्यात घडलं ते दुसऱ्या बाईला प्रिस्क्रिप्शन म्हणून द्यायचं नसतं.

चांगल्या मनाने केलेल्या काही गोष्टी तर सरळ धोक्याच्या आहेत. नवरा-बायकोला एकत्र बसवून समजूत घालणं ही सगळ्यात मोठी चूक, कारण त्याच्यासमोर ती खरं बोलूच शकत नाही आणि बोललीच तर घरी गेल्यावर त्याची किंमत मोजते. त्याला जाऊन जाब विचारणंही नको, निदान तिला न विचारता तरी नकोच. ती घर सोडायला निघते तेव्हा धोका सगळ्यात जास्त असतो, म्हणून कधी आणि कसं निघायचं हे तिलाच ठरवू द्यायचं, आपण कागदपत्रांची एक पिशवी सांभाळावी, मुलांना दोन तास बघावं. हेल्पलाइनचा नंबर नोटीस बोर्डावर लावला तर त्याच्यासमोर तो कोण लिहून घेणार, त्यापेक्षा बायकांच्या टॉयलेटच्या दाराला आतून लावा. (पुरुषांनाही मार बसतो, त्यांच्या टॉयलेटमध्येही लावा.)

मी आता कुणी सांगितलं की एवढंच म्हणते, माझा तुझ्यावर विश्वास आहे, यात तुझी चूक नाही, आत्ता घरी जाणं सेफ आहे का. मग ऐकते.

आमच्याकडे एक गोष्ट मात्र अडून राहिलीय. घरी हात उचलतो हे सगळ्यांना माहीत असलेला एक माणूस अजून अल्तारावर वाचन करतो, आणि त्याची बायको मागच्या बाकावर बसून ते ऐकते. मी पॅरिश कौन्सिलच्या (आमच्या चर्चच्या समितीच्या) मीटिंगमध्ये म्हटलं, त्याचं नाव यादीतून काढा, तर सगळे गप्प, मग कुणीतरी म्हणालं की आवाज चांगला आहे त्याचा. पुढच्या मीटिंगला परत विचारणार आहे.