सातची कसोटी आणि सात गोल

परवा भाचीचा अभ्यास घेत होतो, सहावीत आहे ती, विभाज्यतेच्या कसोट्या चालल्या होत्या. २ ची, ३ ची, ५ ची, ९ ची सगळ्या पाठ, आणि मग विचारते, "मामा, ७ ची का नाही शिकवत?" तशा आहेत ७ च्या कसोट्या, पण लक्षात राहतील अशा नाहीत. मला एकदम कॉलेजातला फायनाइट ऑटोमॅटा आठवला, म्हणजे एकेक चिन्ह वाचत ठरावीक, मोजक्याच अवस्थांमध्ये फिरणारं कागदावरचं मशीन.

कागदावर सात गोल काढले, आत ० ते ६ लिहिलं. ० वर शेंगदाणा ठेवला. संख्या डावीकडून एकेक अंक वाचायची, शेंगदाणा ज्या गोलात आहे त्या आकड्याला १० ने गुणायचं, नवा अंक मिळवायचा, ७ ने भागून जी बाकी उरेल त्या गोलात शेंगदाणा सरकवायचा. ४१७९ घ्या. आधी ४ वर, मग ४१ म्हणजे बाकी ६, मग ६७ म्हणजे बाकी ४, मग ४९, बाकी शून्य! भाग जातो. हजार अंकी संख्या दिली तरी गोल सातच.

ती जरा वेळ बघत बसली आणि म्हणाली, "हा तर भागाकारच आहे, फक्त वरचं उत्तर लिहायचं नाही." मला इतका आनंद झाला! खरंच तेवढंच आहे, मागचे सगळे अंक विसरा, बाकी तेवढी धरून ठेवा, यालाच आम्ही स्टेट म्हणतो.

मग सातऐवजी सहा गोलांत काम होईल का? नाही. बाकी १ असताना पुढे ४ आला तर १४, भाग जातो, बाकी ३ असताना तोच ४ आला तर ३४, जात नाही, म्हणजे १ आणि ३ एका गोलात बसूच शकत नाहीत, आणि कुठल्याही दोन बाक्या घेतल्या तरी त्यांना वेगळं पाडणारा असा एखादा अंक सापडतोच. हा विचार १९५७-५८ च्या सुमाराचा, मायहिल आणि नेरोड या दोन गणितज्ञांच्या नावाचा मायहिल-नेरोड थिअरम, मला या अख्ख्या विषयातला सगळ्यात सुंदर वाटतो, कारण मशीन काय करू शकत नाही हेही त्यातूनच कळतं. कंस नीट बंद झालेत का हे तपासायचं म्हटलं तर एक उघडा कंस, दोन उघडे, तीन उघडे, प्रत्येकाला वेगळा गोल लागतो, आणि ते गोल कधी संपतच नाहीत.

भाचीने आता १३ चं घेतलंय. तेरा गोल, प्रत्येकातून पुढच्या गोलाकडे दहा बाण (० ते ९, एकेका अंकाचा एक), चार्ट पेपर आणायला सांगितलाय मला.