कॅनडाच्या हिवाळ्यात मिरजेची सतार

2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पण इथल्या हीटरला त्याचं काय! बाहेर उणे पंधरा असलं की घरातली आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली उतरते. कृष्णाकाठच्या हवेत मुरलेलं लाकूड आकसतं, खुंट्या सैल पडून घसरतात, पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भोपळ्याला दांडीच्या सांध्यापाशी केसाएवढी चीर जाते.

म्हणून पाच-सात वर्षं पेटीत पडलेली सतार काढली की लगेच सुरात लावायची घाई नको. भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला, पिळलेला स्पंज घाला आणि लाकडाला लागणार नाही असा पेटीत ठेवा. पेटीत ठेवलेल्या आर्द्रतामापकाचा काटा 45 ते 50 टक्क्यांवर आठवडाभर टिकला की मग भोपळ्यावर टिचकी मारून बघा. फुटक्या मडक्यासारखा आवाज आला, तर तिथं चीर आहे. तारा ताणू नका. घसरणाऱ्या खुंटीला खडू चोळला की पुरतो.

तारा गंजलेल्याच असणार. सगळ्या एकदम काढल्या तर घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) जागची हलते, म्हणून एक काढा, एक चढवा. बाजाची, म्हणजे मुख्य वाजवायची तार साधारण 0.30 मिमीची. काळी एकचा (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा) सूर पहिल्या दिवशी गाठायचाच नाही. दोन-तीन सूर खाली लावा आणि तीन-चार दिवसांत हळूहळू वर न्या.

नवी तार चढवूनही आवाज बोदा किंवा नुसता झणझणीत येत असेल, तर दोष जवारीत, म्हणजे घोडीच्या माथ्याच्या घासून दिलेल्या उतारात आहे. जुन्या तारेनं घोडीच्या माथ्यावर खाच पाडलेली असते, तार तिच्यातच रुतते. यूट्यूब बघून घरी पॉलिशपेपर मारणं म्हणजे हातानं वाटोळं. घोडी कुणाबरोबर तरी मिरजेच्या सतारमेकर गल्लीत पाठवा, आणि बजावून सांगा की हीच घासून हवी, नवी नको. तिचे पाय तुमच्याच तबलीला (भोपळ्यावरच्या लाकडी झाकणाला) बसलेले असतात.

हाताचं तसं सोपं आहे. डाव्या तर्जनी-मध्यमेचे घट्टे गेलेले असतात. ते परत यायला दोन-तीन आठवडे लागतात. सकाळ-संध्याकाळ पंधरा-पंधरा मिनिटं, दा रा दा रा हे बोल, साधे पलटे (स्वरांचे सराव). पहिला आठवडा मींड (तार बाजूला ओढून सूर चढवणं) नाही. आंघोळीनंतर लगेच बसू नका, मऊ कातडीत तार घुसते. शेजारी खोबरेल तेलाचा बोळा ठेवा.

सांगली-मिरजेहून कुणी निघणार असेल तर लोणच्याच्या बरणीआधी बाजाच्या चार तारा, शेजारच्या जोडाच्या दोन आणि तार छेडायला तर्जनीत घालायच्या, बोटाच्या मापाच्या दोन नख्या मागवा. मापासाठी तर्जनीभोवती दोरा गुंडाळून फोटो पाठवला तर चालत नाही. दोरा सोडून त्याची लांबी मिलिमीटरमध्ये कळवायची.